माशाचं तेल म्हणजे काय औषध आहे?

परशुराम कोळ्याच्या छातीतून टिकटिक ऐकू यायची. थाप मारत नाही. पंखा बंद असेल, शेजारचा टेपरेकॉर्डर गप्प असेल आणि तुम्ही त्याला खेटून बसला असाल, तर अगदी मनगटी घड्याळासारखी. पंचाण्णव साली मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात त्याच्या हृदयाची खराब झालेली झडप काढून तिथे कृत्रिम, कडकड वाजणारी झडप बसवली होती. झडप फर्स्टक्लास चालत होती. बिघडलं होतं ते परशुरामचं डोकं.

त्याचं कारण असं, की ठाण्याच्या खाडीकाठच्या त्या कोळीवाड्यात ऑपरेशननंतर त्याला कोणी माणसात धरेना. होडी ओढायला चार जण लागले आणि हा पाचवा धावला, की सगळे ओरडायचे, "परशा, तू बस रे बाबा!" हळदीला नाचायला उठला की मागून खुर्ची यायची. वागळे इस्टेटच्या कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवलेला माणूस, निवट्या मासे पकडायला कंबरेएवढ्या चिखलात उतरलेला, आणि लोक त्याला लोणच्याच्या बरणीसारखा जपायला लागलेले. अठ्ठावन्न हे काय खुर्चीत बसायचं वय आहे?

त्यात सत्त्याण्णव साली सोन्याच्या नारळाचा मान त्याच्या घराकडे आला. नारळी पौर्णिमेला सोनेरी कागदात मढवलेला नारळ वाजतगाजत गल्ल्यांतून न्यायचा, धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या उतरून होडीत उडी घ्यायची आणि खाडीच्या मध्यावर नारळ पाण्याला अर्पण करायचा, अशी तिथली रीत. मान दरवर्षी एका घराला. परशुरामच्या घराला तो बावीस वर्षांनी मिळत होता.

कोळीवाड्याचा म्हातारा पुढारी धाकू पाटील सांगायला आला तो चैत्रातच. चहा पिऊन झाल्यावर हळूच म्हणाला, "परशा, नारळ तुझ्या घरचाच. पन तू कशाला तरास घेतस? तुझा पुतन्या नेल की."

परशुरामच्या टिकटिकीचा वेग तेव्हा नक्की वाढला असणार.

"मीच नेनार," तो म्हणाला. "होडीत उडी पन मीच मारनार. कोनाला बगायचं असंल त्यानं पुढं उभं ऱ्हावं."

म्हणाला खरा, पण पाटलाची पाठ फिरल्यावर आरशासमोर उभा राहून त्याने आपले दंड चाचपून पाहिले. दंड कुठे गेले होते, कोण जाणे.

आता त्याच्या गोळीचं सांगायला हवं. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी एक इवलीशी गोळी त्याला रोज रात्री आठला घ्यावी लागायची, आणि महिन्याला रक्त तपासून यावं लागायचं. हे सगळं बघायच्या वर्तकनगरच्या डॉक्टर नीला. नीला म्हणजे देवरामची मुलगी. देवराम कारखान्यात परशुरामच्या शेजारच्या लेथवर होता, पोरगी एम.डी. झाली तेव्हा त्याने अख्ख्या खात्याला पेढे वाटले होते आणि परशुरामने चार खाल्ले होते. त्यामुळे नीला त्याला काका म्हणायची आणि काकांना बिनधास्त दरडावायची.

तिने त्याला एक शंभर पानी वही दिली होती. "काका, गोळी, चूर्ण, काढा, टॉनिक, कोणी प्रेमाने दिलेलं काहीही असो. तोंडात टाकायच्या आधी मला विचारायचं. टाकलंच, तर इथे लिहायचं. ही गोळी फार मानी आहे, तिच्या पंगतीला कोणीही बसलेलं तिला चालत नाही."

"आनि जेवन?"

"जेवण नेहमीचंच. एकदम काही वाढवायचं नाही, एकदम काही सोडायचं नाही."

परशुरामने पहिलं दीड वर्ष वही मन लावून लिहिली. ‘मंगळवार, आठ वाजता, दीड गोळी.’ ‘बुधवार, आठ वाजता, दीड गोळी.’ वाचून झोप यावी अशी वही.

आणि मग कल्याणहून चंदू आला.

चंदू हाही कारखान्यातलाच दोस्त. नोकरी सोडून आता तो एका नवीन कंपनीच्या शक्तिवर्धक वस्तू विकत होता. गळ्यात टाय, हातात ब्रीफकेस. त्या कोळीवाड्यात तोवर टाय फक्त नवरदेवाच्या गळ्यात बघितलेला, त्यामुळे बायका दारात आल्या. चंदू दर रविवारी डोंबिवलीच्या एका हॉलमध्ये मीटिंगला जायचा. तिथे लोक स्वतःसाठीच टाळ्या वाजवायचे आणि कोणाकोणाचे गुडघे कसे बरे झाले ते माइकवर सांगायचे. चंदू लबाड होता असं मात्र समजू नका. तो स्वतः त्या सगळ्या गोळ्या खायचा आणि त्याचा त्यांच्यावर देवासारखा विश्वास होता. लबाड माणूस परवडला, तो निदान ऐकून घेतो.

"नारळ न्यायचाय ना? मग ही घे," त्याने हिरव्या पावडरचा डबा काढला. "बावीस प्रकारचा पाला आहे यात. रोज दोन चमचे. बॉडी एकदम टाइट."

"नीलाला विचारायला लागंल."

"अरे यार, हे औषध आहे का? डब्यावर वाच ना, फूड लिहिलंय. फूड म्हणजे खाणं. उद्या भात खाऊ का म्हणून डॉक्टरला विचारायला जाशील काय? आणि हे बघ, वहिनीला बोलू नको. बायका उगाच घाबरतात."

परशुरामला हे पटलं. पटवून घ्यायचंच असलं की माणसाला काहीही पटतं. त्याची बायको जनाबाई सकाळी मासळीची पाटी घेऊन बाजारात गेली, की हा पाण्यात दोन चमचे कालवून घटाघटा प्यायचा. वहीत त्याची नोंद नाही. वही औषधांची, हे तर खाणं!

महिन्याने रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा नीलाच्या कपाळाला आठी पडली. "काका, रक्त हवं त्यापेक्षा घट्ट आलंय. पालेभाज्या फार खाताय का?"

"पालेभाजी? कोळ्याच्या घरात?" परशुराम हसला. "आमच्याकडं मेथी आली तरी कोळंबीचं बोट धरून येते."

यात खोटं काही नव्हतं. भाजी तो खात नव्हताच. बावीस प्रकारचा पाला तो पीत होता. नीलाने दीड गोळीच्या दोन केल्या. पुढच्या महिन्यातही रक्त घट्टच, मग दोनच्या अडीच. परशुरामला चुटपुट लागली नाही असं नाही. तिच्या टेबलासमोर बसल्यावर एकदा डब्याचं नाव जिभेच्या शेंड्यापर्यंत आलं होतं. पण पोरीएवढ्या बाईपुढे ‘मी ताकदीची पावडर खातो’ असं कबूल करायची लाज वाटली, आणि तो नुसताच खोकला.

आषाढ लागता लागता त्या पावडरची त्याला शिसारी आली. बैलाच्या पुढ्यातली वैरण उचलून तोंडात कोंबावं तशी चव. एक दिवस त्याने उरलेला डबा परसातल्या कोंबड्यांपुढे ओतला. कोंबड्या मात्र टवटवीत झाल्या, हे खरं.

"चव नको ना? मग कॅप्सूल," चंदू म्हणाला. ब्रीफकेसमधून दोन बाटल्या निघाल्या. "ही लसणाच्या तेलाची. आणि ही..." तो जरा चाचरला. "ही माशाच्या तेलाची."

परशुराम इतका हसला की त्याला ठसका लागला. "अरे भल्या मानसा, कोळ्याला मासा विकतस?"

पण रात्री पडल्या पडल्या त्याने विचार केला, आणि तिथेच सगळं फसलं. तुम्ही-आम्ही असतो तर निदान बाटलीवरची अक्षरं वाचून बिचकलो असतो. परशुराम कसा बिचकणार? दात यायच्या आधी त्याने बोंबलाचा रस्सा प्यायलेला. सात पिढ्या मासळीवर पोसलेलं रक्त, त्याचं मासा काय वाकडं करणार? आणि लसूण म्हणाल, तर जनाबाईच्या कालवणात ठेचलेल्या लसणाचा गड्डाच असतो. मासा आणि लसूण, म्हणजे घरचंच कालवण की, फक्त पिशवीत भरलेलं! एकेका कॅप्सुलीत किती माशांचा अर्क कोंबलाय, हे ती कॅप्सूल थोडीच बोलून दाखवणार. तो सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन घ्यायला लागला. बाटल्या ठेवल्या सुकटीच्या डब्यात, म्हणजे माशाच्या वासात माशाचा वास लपला.

जुलैची रक्ततपासणी त्याने बुडवली. जनाबाईला सांगितलं, "नारळाची तयारी हाय, येळ कुठं हाय?" खरं कारण, नीलाने पुन्हा डोळ्यांत बघून विचारलं असतं तर नुसत्या खोकल्यावर निभावलं नसतं.

आणि गंमत म्हणजे त्याला ताकद आल्यासारखी वाटायला लागली हो! चालत माजिवड्यापर्यंत जाऊन आला. परसात डोक्यावर साधा नारळ ठेवून उडीचा सराव करायला लागला. एकदा उडी घेताना मांडी पाण्याच्या पिंपाला जरा लागली. दुसऱ्या दिवशी तिथे वांग्याएवढा काळानिळा डाग. याने हाफ पँट सोडून लुंगी नेसायला सुरुवात केली आणि विषय संपवला.

पौर्णिमेला सहा दिवस राहिले होते. सकाळी दाढी करताना हनुवटीखाली ब्लेड लागलं. लागलं म्हणजे काय, मुंगी चावावी एवढं. त्याने तुरटी फिरवली. रक्त आलंच. कापूस लावला, कापूस लाल झाला. वर्तमानपत्राचा कपटा चिकटवला, तो गळून पडला. पाऊण तासाने जनाबाई पाटी उचलायला आली, तेव्हा हा पंचा गळ्याशी धरून मोरीत उभा होता आणि बादलीतलं पाणी गुलाबी झालं होतं.

"काय जालं?"

"काय नाय. ब्लेड नवीन हाय."

जनाबाईने पाटी खाली ठेवली. ही बाई पस्तीस वर्षं मासळी बाजारात बसलेली. गिऱ्हाईक येतं, माशाचा कल्ला उघडून बघतं. त्याच्या आधी हिने पहाटे शंभर कल्ले उघडून बघितलेले असतात. मासा काय म्हणतो ते तिला अंगठ्याला कळतं. ती सरळ नवऱ्यापुढे गेली.

"तोंड उघड."

एरवी ती त्याला अहो-जाहो करायची. एकेरीवर आली म्हणजे प्रकरण गंभीर, हे परशुरामला अनुभवाने ठाऊक होतं. त्याने तोंड उघडलं. जनाबाईने अंगठ्याने त्याचा ओठ वर केला, अगदी पापलेटाचा कल्ला उचलावा तसा. हिरड्या लालबुंद, दातांच्या मुळाशी रक्ताची रेघ.

"कल्ला लाल असला तर मासा ताजा," ती पुटपुटली. "मानसाचा असा असला तर..." तिने त्याची लुंगी गुडघ्यावर सारली, मांडीवरचा डाग बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला. मग तरातरा स्वयंपाकघरात गेली, फळीवरून नेमका सुकटीचाच डबा उतरवला आणि दोन्ही बाटल्या काढून जमिनीवर ठेवल्या. तिला डबा कसा कळला, हे विचारायचं त्या गडबडीत परशुरामला सुचलं नाही.

आरडाओरडा ऐकून धाकू पाटील आला. त्याने सगळं बघून निकाल दिला. "ती पातळ करायची गोळीच वंगाळ. टाक ती खाडीत. गोळी बंद, रगत बंद."

परशुरामला ते इतकं सोपं वाटलं की त्याने गोळ्यांची पाकिटं हातात घेतलीसुद्धा. जनाबाईने ती त्याच्या मुठीतून हिसकावली. "पाटील, तुमी व्हडीचं सांगा. गोळीचं डॉक्टरीन सांगंल," ती म्हणाली, आणि नवऱ्याच्या हनुवटीवर पंचा दाबून त्याला रिक्षात घातलं.

वर्तकनगरला नीलाने जखम घट्ट दाबून बांधली, रक्त काढून लॅबमध्ये पाठवलं आणि बाटल्या टेबलावर ओळीने मांडल्या. परशुरामने आता पावडरचंही सांगितलं, कोंबड्यांसकट. ती सगळं ऐकत राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं परशुरामला वाटलं. दुपारी रिपोर्ट आला.

"काका, रक्त किती पातळ आहे ते सांगणारा हा आकडा तुमचा अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा. आज साडेसहा आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे हनुवटीला लागलं म्हणून आपण इथे बसून बोलतोय. डोक्याला लागलं असतं तर काय झालं असतं, त्याचा मी विचार करत नाही, तुम्ही करा." तिने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "ती पावडर तुमच्या गोळीला उलट ओढत होती. मला माहीत नव्हतं, म्हणून मी गोळीचा जोर वाढवला. मग तुम्ही पावडर सोडलीत आणि माझा जोर तसाच राहिला. वरून तेल आणि लसूण आणून त्याच बाजूला बसवलेत."

"व्हडी कलंडनार," परशुराम हळूच म्हणाला. एवढं त्याला कळत होतं.

"आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद केली असतीत, तर दुसऱ्या बाजूला कलंडली असती. झडपेवर गुठळी. मी सांगेन तेवढे दिवस थांबायचं, मी सांगेन तेव्हा परत सुरू करायची. आज नर्सिंग होममध्ये ॲडमिट व्हा." तिने वही उघडली. "आता शेवटचं. घरात आणखी काही? दोघांनाही विचारतेय."

परशुराम छातीवर हात ठेवून म्हणाला, "आईशपथ, काय नाय."

जनाबाई भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती. श्रावण महिना एवढा बघण्यासारखा कधी नव्हता.

"काकू?"

जनाबाईने कमरेचा बटवा सोडला. त्यातून सुपारी निघाली, घराची चावी निघाली, आणि मग एक छोटी बाटली निघाली. आत मधाच्या रंगाच्या कॅप्सुल्या.

"यो ई व्हिटॅमिन हाय," ती पदराआडून म्हणाली. "रोज दोन. कोयतीनं टोचायची नि कालवनात पिळायची."

"कोनाच्या कालवनात?" परशुरामने विचारलं.

"तुमच्या."

"म्हनूनच! म्हनून म्हयनाभर बोंबलाचा रस्सा तेलकट लागतो! मी म्हनतो बोंबील बदलला की काय!" तो खुर्चीतून उठलाच. "चोरून औषध घालतंस मना? कोनी दिल्या?"

"चंदूभावजींनी. म्हनाले, वहिनी, परशाला बोलू नका, पुरुषाचा मान दुखावतो."

"मला म्हनाला, वहिनीला बोलू नको, बायका घाबरतात!"

सुकटीच्या डब्याचं रहस्यही आता उलगडलं. शेजारच्या बोंबलाच्या डब्यात हिची बाटली, सुकटीच्या डब्यात याच्या. हिला आठवड्यापूर्वीच वास आला होता, पण बोलली असती तर स्वतःचं पितळ उघडं पडलं असतं. एका फळीवर दोन चोर, आणि दोघांचा दुकानदार एकच. नीलाने डोळ्यांवर हात ठेवला. तिचे खांदे हलत होते. डॉक्टर असली म्हणून काय झालं, हसू कोणाला चुकलंय?

हसू थांबलं ते जनाबाईच्या रडण्याने. बाजारात पोलिसालाही न दबणारी बाई तोंडात पदर कोंबून रडत होती. "मना वाटलं, दिसतोय सुकलेला. नारळ नेताना पडला म्हंजे? पडून काय जालं म्हंजे? रातच्याला मी ती टिकटिक ऐकून झोपते, पोरी. थांबली तर म्हनून जागी होते. चांगलं व्हावं म्हनून केलं मी."

परशुरामच्या भांडणाचं सगळं दारूगोळ्याचं कोठार क्षणात ओलं झालं. त्याने नुसताच तिचा हात धरला आणि म्हणाला, "मी पन त्यासाठीच केलं गो. लोकांनी तुला म्हनू नये, की हिचा नवरा काचेचा."

"कोणामुळे किती वाढलं, ते मलाही नेमकं सांगता येणार नाही," नीला हळू आवाजात म्हणाली. "पण सगळ्यांनी प्रेमच केलंय, हे दिसतंय. पुढच्या वेळी प्रेम वहीत लिहा."

नर्सिंग होममध्ये तिसऱ्या दिवशी आकडा उतरला. चंदू भेटायला आला तो टायशिवाय; बिचाऱ्याचं तोंड शिळ्या घावनासारखं झालं होतं. नीलाने त्याला बाहेर बाकावर बसवून एकच प्रश्न केला, "तुमच्या गिऱ्हाइकांत आणखी किती जण रक्ताची गोळी घेतात?" चंदूला माहीत नव्हतं. त्याने कधी विचारलंच नव्हतं. पुढचे दोन दिवस तो कल्याणपासून खडवलीपर्यंत घरोघर फिरला आणि एकेकाला विचारून आला. तीन सापडले. तिघांनाही त्याने स्वतः त्यांच्या डॉक्टरकडे नेलं. एवढं त्याचं मान्य करायला हवं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आकडा तीनवर आला. नीलाने अट घातली, नारळ घेऊन धक्क्यापर्यंत चालायचं, होडीत उडी नाही. परशुराम हो म्हणाला, पण रात्रभर त्याला ते लागून राहिलं. पाटलापुढे मारलेली बढाई गावभर झाली होती, आता अख्ख्या गावापुढे पायरीवर थांबायचं.

मिरवणूक निघाली. बेंजो वाजत होता, बायका दागिन्यांनी लखलखत होत्या. परशुराम डोक्यावर सोन्याचा नारळ घेऊन ताठ चालत होता, आणि शपथेवर सांगतो, त्याला एकदाही दम लागला नाही. धक्क्यावर आल्यावर तो थांबला. पुतण्या हात पुढे करून तयारच होता. धाकू पाटील समजूतदारपणे मान हलवत होता. परशुरामने इकडेतिकडे बघितलं आणि नारळ जनाबाईच्या हातात दिला.

"बाई मानूस?" पाटील म्हणाला.

"पाटील, नारळ घराचा हाय का बाप्याचा?" जनाबाईने विचारलं. उत्तराची वाट न बघता तिने कासोटा खोचला, शेवाळाच्या दोन पायऱ्या अंगठे रोवून उतरली आणि टुणकन होडीत. आयुष्यभर ओल्या धक्क्यांवर पाट्या घेऊन चढलेली बाई ती. बायकांनी असा गलका केला की बेंजोवाला गाणं चुकला.

हे बघून चंदूला चेव आला. पापाचं प्रायश्चित्त म्हणून होडी ढकलायला तो नव्या चपला घालून पुढे धावला, आणि तिसऱ्या पायरीवर त्याचा पाय असा सटकला की कपाळ थेट दगडावर. भुवई फुटली. रक्ताची धार लागली. कोणीतरी रुमाल दाबला. पाच मिनिटांत रक्त थांबलं आणि चंदू उठून बसला. "काही नाही, काही नाही," म्हणत ओशाळं हसलासुद्धा.

परशुराम मात्र हसला नाही. तो त्या तिसऱ्या पायरीकडे बघत होता. सरावात त्याने ठरवलं होतं, उडी तिसऱ्या पायरीवरूनच घ्यायची. डोक्यावर नारळ, आणि रक्तात साडेसहा. खाडीच्या मध्यावर जनाबाईने नारळ सोडला तेव्हा सगळ्यांनी हात जोडले. याचे आधीच जोडलेले होते.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने वही काढली. ‘सोमवार. नारळी भात, दोन वाट्या. चंदूने आणलेला पेढा, एक. चंदूने खिशातून आणखी काहीतरी काढलं, ते घेतलं नाही.’ आठ वाजले. जनाबाईने नीलाने ठरवून दिलेली गोळी त्याच्या तळहातावर ठेवली आणि तो गिळेपर्यंत उभी राहिली.

"तोंड उघड," ती म्हणाली.

एकेरी ऐकून परशुराम दचकला. पण ती रागावलेली नव्हती. तिने अंगठ्याने त्याचा ओठ उचलला, दिव्याकडे वळवून नीट बघितलं. हिरड्या फिक्या गुलाबी, कुठे रेघ नाही.

"शिळा हायेस," ती म्हणाली. "बाजारात कुत्रं इचारनार नाय तुला."

आणि तिथेच त्याच्या छातीला कान लावून टिकटिक ऐकत बसली.